नवस फेडल्याचा व्हिडिओ

॥ श्री ॥
कट्टा, ता. मालवण
९ डिसेंबर २०२५

चि. देवेश यास मावशीचे अ. आ.

पत्र बघून हसशील. फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि पलीकडे कोण कोण ऐकतंय ते मला कळत नाही. शिवाय तू मला मध्येच तोडतोस. तीस वर्षं पोस्टात काढली आहेत मी, कागदावर तोडून दाखव.

काल शेजारच्या लिंडाची रिशेल मोबाइल घेऊन आली आणि तुझा व्हिडिओ दाखवला. ‘आईचा नवस फेडला, चार वर्षांनी’ असं वर लिहिलंय, मागे सनई वाजतेय आणि खाली लोक तुला श्रावणबाळ म्हणतायत. रिशेलच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते संतापाचं.

कसला नवस फेडलास रे तू? करोनात अकरा दिवस ऑक्सिजनवर होतास. तेव्हा तुझ्या आईनं, माझ्या बायनं, आमच्या माहेरच्या पावणाईला सांगून ठेवलं की माझा देवेश वाचू दे, त्याला तुझ्या पायाशी आणीन आणि साडी-नारळ ठेवीन. ज्याच्यासाठी नवस त्यानं स्वतः देवीपुढं उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. ते देऊळ माझ्या घरापासून सहा किलोमीटर. तुम्ही माझ्या दारातून सरळ तारकर्लीला गेलात. व्हिडिओतलं ते दीपमाळांचं देऊळ कुठलं, मला तर ओळखूही आलं नाही.

आमची भेटसुद्धा सोडली नाहीस. खरी गळाभेट झाली तेव्हा तू गाडी लावत होतास. मग म्हणालास, पुन्हा करा. बाय गुडघा धरत गाडीत बसली, परत उतरली. त्या वेळी कॅमेऱ्यात माझी पाठ आली म्हणे. तिसऱ्यांदा आम्हाला आमच्याच सोंगाचं हसू फुटलं आणि तेवढंच तू ठेवलंस. लोकांना वाटतंय आनंद किती झालाय दोघींना.

देवळात जायचं म्हणून मी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे केले होते. फुगलेले दिसावेत म्हणून पुन्हा तळायला लावलेस आणि खाल्लास अर्धा. बाय डब्यात नेते म्हणाली तर गाडीत वास येईल म्हणालास. हॉटेलात वेळेत पोचायचं होतं ना तुला.

एक मात्र कबूल करते. किल्ल्यासमोरच्या फोटोत तुझ्या बायकोला, स्वप्नाला, ती हिरवी पिवळ्या काठाची साडी शोभून दिसली. तिला सांग.

तो व्हिडिओ काढ. नवस राहिलाय असं लिही, आणि आईला घेऊन ये. लोभ कुठे जात नाही, पण आज तो रागाच्या खाली दबलाय.

तुझी
नर्मदामावशी


ठाणे
१५ डिसेंबर

ती. नर्मदामावशीस सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. माझं अक्षर तुला माहीत आहे, म्हणून टाइप केलंय.

मावशी, तू उगाच चिडलीस. पावणाईच्या देवळात मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, फोटोला बंदी आहे, हे मला निघायच्या आदल्या दिवशी कळलं. हॉटेलनं दोन दिवस फुकट राहायला दिलं होतं, बदल्यात चार व्हिडिओ द्यायचे होते. त्यातला एक आईचा. मग जिथं शूट करता येईल त्या देवळात गेलो. देवी काय, सगळीकडे एकच. मी आईला विचारलं होतं, ती ‘चालेल’ म्हणाली.

तीन लाख लोकांनी बघितलंय. कितीतरी जणांनी लिहिलं की आम्हीही आईला गावी नेणार. यात वाईट काय झालं? व्हिडिओ म्हटला की थोडं मागंपुढं करावं लागतं, सगळेच करतात. आता काढला तर हॉटेलवाला मला पुन्हा उभा करणार नाही.

आईची तक्रार नाही, मग तुझी का? पुढच्या वर्षी बघू पावणाईचं. तब्येत सांभाळ, आणि भाच्यावर माया ठेवायची की नाही ते तूच ठरव.

तुझा
देवेश


ठाणे
१७ डिसेंबर

चि. नमूस बायचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र देवेशनं टेबलावर टाकलं होतं, ते मी वाचलं. त्यानं तुला काय लिहिलं तेही वाचलं. लपवून वाचायची वेळ आली या वयात.

त्याच्यावर फार रागावू नकोस, असं लिहायला बसले होते. मुलगा वाईट नाही, औषधं वेळेवर आणतो. ‘चालेल’ म्हणाले हे खरं. मी पावणाईचं नाव काढल्यावर गाडीत सगळे गप्प झाले, स्वप्ना खिडकीबाहेर बघायला लागली. त्या गप्प बसण्यानं जीव घाबरतो माझा. म्हणून चालेल म्हणाले.

पण नमू, तू साडीचं लिहिलंस आणि माझा हात थांबला. ती हिरवी साडी पावणाईची. चार वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली होती, एकदाही उलगडली नव्हती. समुद्रापुढं हिरवा रंग उठून दिसतो म्हणून देवेशनं माझ्या बॅगेतून काढून स्वप्नाला नेसवली. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर फोटो चालले होते. नेसलेली साडी देवीला देता येते का गो? तिथंच बोलायला हवं होतं.

आणि पुढचं ऐक. व्हिडिओ बघून सोसायटीतल्या बायका आल्या, पाया पडल्या, प्रसाद मागितला. माझ्याकडे प्रसाद कुठला? कट्ट्याच्या बाजारातून आणलेला खाजा होता, तोच वाटला. शर्मिलाताईंनी कपाळाला लावून तोंडात टाकला. त्यांची सून दवाखान्यात आहे. त्या रात्री मला माझीच किळस आली.

तू देवेशला आता काही लिहू नकोस. यापुढचं माझं मी बघते. तुझ्यावर माझा जीव आहे, तो आहे तसाच राहू दे.

तुझी
बाय


कट्टा
२३ डिसेंबर

ती. बायस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून माका घाम फुटलो. मी चिडते, बोलते आणि मोकळी होते. तू चिडलीस की काय होतं ते मी लहानपणी एकदाच बघितलंय, परत बघायची हौस नाही. जरा शांत हो. देवेश तसा आपलाच आहे, वळणावर येईल, त्याला थोडा वेळ दे. बघ, त्याची बाजू मी घ्यायला लागले.

यायचं असेल तर गाडीची तारीख कळव. कुडाळ स्टेशनवर मी स्वतः उभी राहीन. गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस. बाकी काय लिहू, तू ये.

तुझी
नमू


कट्टा
८ जानेवारी २०२६

चि. देवेश यास अनेक आशीर्वाद.

फ्रिजवर चिठ्ठी ठेवून निघाले, ती मिळाली असेल. प्रवास नऊ तासांचा झाला. समोरच्या एका बाईनं खालची जागा दिली म्हणून गुडघा वाचला. तू घाबरून दहा फोन केलेस असं रिशेल म्हणाली. अकराव्या फोनवर तू तिला सांगितलंस की आजी देवळाच्या पायऱ्या चढताना मागून तरी एक व्हिडिओ घे, आत नाही घेता आला तरी चालेल. ते ऐकेपर्यंत मी तुला समजावून लिहिणार होते.

सोसायटीतल्या बायकांना मी इथून एकेकीला फोन करून सांगितलं की खाजा बाजारातला होता आणि नवस फिटलेला नाही. शर्मिलाताई म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. तुला तीन लाख लोकांना सांगायचंय. मला सोळा जणींना सांगायला दोन दिवस लागले, तेव्हा ते सोपं नाही हे मला कळतं. पण सांगायचं आहे.

परवा मंगळवारी पावणाईला गेले. नवी साडी कट्ट्यातच घेतली, तीही हिरवी. मोबाइल नमूनं बाहेर खुंटीवर ठेवला. गुरवानं नारळ हातात घेतला आणि मुलाचं विचारलं, ‘तुमचो झील खंय आसा?’ देवळात पंधरावीस माणसं होती, त्यांतली निम्मी मला परकरात बघितलेली. मी खरं ते सांगितलं. मागच्या महिन्यात सहा किलोमीटरवर आला होता, इथं आला नाही. नमूनं माझा हात धरला.

साडी ठेवली, पण नवस फिटला असं गुरव म्हणेना, आणि ते बरोबरच आहे. त्यानं गाऱ्हाणं घातलं. लेकराची चूकभूल पदरात घे, शिमग्यापर्यंत त्याला मुदत दे, तोवर त्याची राखण कर, असं मागितलं. मागे उभी असलेली सगळी माणसं एका आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हणाली. नमूही म्हणाली.

मी म्हटलं नाही.

तू येईपर्यंत मी इथंच आहे.

आई