एका कानाचा फोटो

फेरारा, ७ ऑक्टोबर

चि. झिव्कास आईचे पुष्कळ आशीर्वाद. इकडे मी ठीक, तिकडचे सविस्तर कळवणे.

आपल्याकडची माणसं-पार्सलं ने-आण करणाऱ्या त्सोन्योच्या व्हॅनमधून तू पाठवलेली भाजक्या मिरच्यांची चटणी पोचली. मी जिला सांभाळते ती सिन्योरा ती पावाला लावून खाते, डोळ्यांतून पाणी काढते आणि परत मागते. आता हाडांना जरा बळ आलंय तिच्या, जिभेला तर कधीच कमी नव्हतं.

फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो, म्हणून लिहितेय. सिन्योराच्या नातीने परवा तिच्या पोटातल्या बाळाचा फोटो दाखवला. डॉक्टरांकडचा करडा ढग नव्हे गं! गाल, नाक, ओठ, सगळं स्पष्ट. ही सोनोग्राफी हौसेची असते, पदरमोड करून करायची. तुमच्या जवळच्या गाब्रोवोतही निघालंय म्हणे तसं दुकान. सव्वीस ते तीस आठवड्यांत जायचं. आधी गेलं तर बाळ नुसतं हाडकुळं दिसतं, नंतर त्याला वळायला जागा उरत नाही. आधीचे काही दिवस पाणी भरपूर प्यायचं, जाताना काहीतरी गोड खायचं, म्हणजे बाळ हलतं.

तू जा. मला माझ्या नातवंडाचं तोंड बघू दे. विहीणबाईंना मात्र सांगू नकोस, नाहीतर त्या दारातच आडव्या पडतील.

चीज आणि कॉफी पाठवतेय. जावईबापूंना ठेवून मग तू खा.

तुझी आई


सेवलिएवो, १७ ऑक्टोबर

ती. आईस झिव्काचा सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. चीज प्लामेनने उभ्या उभ्या संपवलं, ठेवायचा प्रश्नच आला नाही.

डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. मागच्या वेळीही असंच म्हणाले होते आणि सातव्या महिन्यात काय झालं ते तुला ठाऊक आहे. म्हणून तपासणीला गेले की मी पडद्याकडे बघतच नाही, छताकडे बघते. त्या छतावरचा ओलीचा डाग मला आता तोंडपाठ झालाय.

घरात लंगोटसुद्धा आलेला नाही. प्लामेनने मित्राकडून पाळणा आणला, तर सासूबाईंनी तो अंगणातूनच परत पाठवला. जन्माआधी काही आणायचं नाही, हे तर आपल्याकडे सगळेच पाळतात, पण त्या बाळाचा उल्लेखही करत नाहीत. मला जेवलीस का विचारतात, तेवढंच. मी त्यांना दोष देत नाही. मागच्या वेळी पाळणा तयार होता, त्यात चादर घातलेली होती, आणि ती चादर त्यांनीच काढली.

आई, मला तोंड बघायचं नाही. तोंड बघितलं की माया जडेल. तरी गेलेच, तर एवढ्यासाठीच जाईन, की कोणीतरी माझ्याकडे बघून सांगावं, बाळ नीट आहे.

तुझी काळजी करणारी आणि तुला काळजी लावणारी,
झिव्का


सेवलिएवो, २९ ऑक्टोबर

ती. आईस सा. न. वि. वि.

जाऊन आले. पडद्याचं कापड आणायला जाते अशी थाप मारून निघाले होते, तर बस-स्टॉपवर सासूबाई पर्स घेऊन हजर! म्हणाल्या, तुला कापडातलं काय कळतं. दुकानाच्या दारात मला खरं सांगावंच लागलं. त्या आत आल्या आणि बाळ दिसणाऱ्या पडद्याकडे पाठ करून, पर्स मांडीवर धरून बसल्या.

खोली दिवाणखान्यासारखी आहे. सोफा, भिंतीवर मोठा टीव्ही. आधी एका कागदावर सही घेतात की ही तपासणी नव्हे, डॉक्टरांकडे जावंच लागेल. पोटावर जेल ऊन करून लावतात, बरं वाटतं. काम करणारी मुलगी, नेवेना, गोड होती. पण बाळ माझ्या पाठीकडे तोंड करून बसलेलं, वर हात तोंडावर. मी घाबरत घाबरत विचारलं, की हृदय ठीक आहे ना? ती म्हणाली, ठोके ऐकवू शकते, रेकॉर्ड करून कापडी अस्वलात भरूनही देऊ शकते, पण ठीक आहे की नाही हे मी सांगायचं नसतं. तेवढंच ऐकायला मी गेले होते गं. मी उठायलाच निघाले.

तिने मला रस प्यायला लावला, दहा मिनिटं जिन्यावरून फिरवून आणलं. पुन्हा झोपले. तोंड नाहीच, पण हात जरा सरकला आणि एक कान दिसला. नेवेना म्हणाली, काय सुंदर कान आहे! आणि सासूबाई वळल्या. उठून थेट टीव्हीपाशी गेल्या, तीनदा थू थू केलं आणि ओरडल्या, की कुरूप आहे मेलं, बेडूक नुसता, कोंबड्या शिटोत तुझ्या डोक्यावर!

नेवेना हसत सुटली, तिच्याही घरी आजी आहे. मी मात्र हमसून हमसून रडले. आई, असं आपण जन्मलेल्या, गुटगुटीत बाळाला म्हणतो, दृष्ट लागू नये म्हणून. जे राहायचं नाही त्याची दृष्ट कोण काढेल? नीट आहे असं मला कोणी सांगितलं नाही, पण हे मला पुरलं. मी छताकडे नाही, कानाकडे बघत राहिले.

परतताना त्या लोकरीच्या दुकानासमोर बराच वेळ थांबल्या. पिवळी लोकर निरखली. घेतली नाही.

कानाचा फोटो पाठवतेय, त्यावर भागव. आणि एक गोष्ट, जी फोनवर जमत नाही. मागच्या वेळी तू तीन आठवड्यांनी आलीस. मी म्हणाले होते, हरकत नाही. हरकत होती. अठरा जानेवारी तारीख दिलीय. तू ये.

तुझी झिव्का


फेरारा, ११ नोव्हेंबर

चि. झिव्कास आणि तिच्या बेडकास अनेक उत्तम आशीर्वाद.

सिन्योराचं भिंग मागून घेतलं आणि खिडकीपाशी फोटो धरला. वरची कड मुडपलेली आहे. तुझ्या बाबांचा कान! टोपी घातली की नेहमी बाहेर राहायचा. मीही तीनदा थुंकले, तर सिन्योराला वाटलं तिच्यावरच थुंकतेय. दुपारभर रुसली होती.

मागच्या वेळी सिन्योराचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी थांबले, असं मी सगळ्यांना सांगितलं. हाड मोडलं होतं हे खरं, पण मी त्यासाठी थांबले नव्हते. तुला तशी बघायची माझी छाती झाली नाही. तू तिथे एकटी आणि मी इथे सूप ढवळत बसले. ते तू मला माफ कर किंवा करू नकोस, पण खरं काय ते तुला माहीत असावं.

माझ्या जागी सिन्योराकडे राहायला आपल्याकडच्या व्राचा गावची एक बाई मिळाली आहे. त्सोन्योला सांगून ठेवलंय, सहा जानेवारीला त्याच्या शेजारची सीट माझी. बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस मी तिथेच आहे. बरं झालं तर आनंदाने राहीन, आणि वाईट झालं तर या खेपेला तुझ्या उशाशी असेन.

घरात काही आणू नका, मीही काही आणणार नाही. नुसती येईन.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. आणि हेही सांग, की त्यांची थुंकायची पाळी टीव्हीवर होऊन गेली. बाळ बाहेर आलं की पहिल्यांदा थुंकायचं मी.

वाटेकडे डोळे लाव,
तुझी आई