त्रेसष्टावी सही

खोपोली
२ डिसेंबर २०२४

ती. स्व. आबाजीमामांस,
हर्षलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा फोन मामीच्या ताब्यात द्यायला मीच सांगितलं, म्हणून हे पत्र. पस्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला पत्र लिहिताना अक्षर आपोआप सुधारतं, हा एक फायदा.

मामा, करांद्याच्या रानकंदाचा कडूपणा काढायच्या ठाकर आदिवासींच्या रीतीवरचा माझा लेख मी तुम्हाला वाचायला पाठवला होता, वाटायला नाही. तुम्ही तो लग्नाची पत्रिका द्यावी तसा फोनवरून सगळ्यांना दिलात. वर गणपतीचं चित्र, खाली 'अगत्याने वाचावे, हेच आमंत्रण समजावे'. दुकानवाल्या चांगोकाकांनी मला फोन करून मुलगा काय करतो ते विचारलं. मी हसून हसून पलंगावर लोळले. संध्याकाळी संपादकांची मेल आली आणि हसू पळालं.

ते त्रैमासिक फक्त इंटरनेटवर निघतं. लेख प्रसिद्ध करायचे हक्क मी करारावर सही करून त्यांना दिलेत. मला मिळालेली प्रत माझ्यापुरतीच होती, म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी माझं नाव आहे. तुम्हाला वाटलं असेल की कौतुकाने घातलंय. प्रत बाहेर फिरली तर कुणाकडून फुटली ते कळावं, म्हणून ते असतं. पंधरा दिवसांत हे थांबलं नाही तर लेख काढून टाकू, असं त्यांनी कळवलंय. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा जानेवारीत आहे आणि त्याआधी एक लेख प्रसिद्ध झालेला लागतोच. लेख गेला तर पाच वर्षांचं काम अडकलं. मला खरंच भीती वाटते.

चूक आधी माझी, तुमची नंतर. कुणाकुणाला पाठवलात ते आठवून कळवा. माझ्यावरची माया तशीच असू द्या, फक्त ती फोनवरून पाठवू नका.

आपली भाची,
हर्षला


दहिवली
८ डिसेंबर २०२४

चि. हर्षला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आठवायचं कशाला? यादी आहे. पत्रिका कुणी गटावर टाकत नाही, नावानिशी देतात. मीही तसंच केलं. आधी भावकी, मग व्याही, मग गाव, एकूण त्रेसष्ट नावं, तारखेसकट.

पत्र मिळालं त्याच दिवशी सायकल काढली. घरोघर जाऊन, माझ्या डोळ्यांदेखत ती फाइल पुसायला लावतो आणि पुढच्या रकान्यात सही घेतो. रजिस्टर पत्राची पोच घ्यावी, अगदी तशी. पुढे कुणाला धाडली का, तेही विचारून लिहितो. येसाजीने लेख उघडलाच नव्हता, नुसते जोडलेले हात पाठवले होते. तरी सही घेतली. चांगोने तो छापून दुकानात टांगला होता. उतरवला, आणि त्यात शेंगदाणे बांधू नकोस असं बजावलं. खरं सांगू का, बासष्ट जणांपैकी एकानेही तो वाचलेला नाही. आधी मला वाईट वाटलं, मग तुझ्या दृष्टीने फार बरं वाटलं.

राहिली एक सही, ठाकुरवाडीच्या अंबूबाईची. तुला हे सगळं तिनेच शिकवलं, म्हणून मी तिच्या सुनेच्या, नंदाच्या फोनवर पाठवला होता. नंदाने तिला अख्खा लेख वाचून दाखवला. तिचं म्हणणं असं, की लेखातली ही 'एक ज्येष्ठ माहितीदार' कोण बया, आणि नाव झाकायला मी काय चोरी केली हाय का. नाव येत नाही तोवर ती फाइल पुसणार नाही. मी समजूत घालायला गेलो, तर तिने मला करांदे खाऊ घातले. खाल्ल्यावर मला तिचंच पटलं.

यादी सोबत धाडली आहे, आता तूच जा. मामी म्हणते, जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तुझ्या यशाची वाट बघणारा,

तुझा मामा,
आबाजी


खोपोली
२२ डिसेंबर २०२४

ती. स्व. आबाजीमामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या यादीचे फोटो संपादकांना पाठवले. इतक्या वर्षांत फुटलेल्या प्रतीची अशी पोचपावती त्यांनी पाहिली नव्हती. बासष्ट सह्या त्यांनी दोनदा मोजल्या म्हणे. उरलेली एक आणा, लेख राहील, असं त्यांनी कळवलं.

मग ती यादी घेऊन ठाकुरवाडीला गेले. माहिती देणाऱ्याचं नाव झाकायची आम्हा संशोधकांत रीत असते, ती मी तिला न विचारता पाळली. मला लाज वाटली आणि मी तसं तिला सांगितलं. तिने ते बाजूला ठेवलं आणि दुसरंच काढलं. मी लिहिलंय की राखेच्या पाण्यात उकडलेले काप वाहत्या पाण्यात एक रात्र ठेवायचे. त्या दोन रात्री असतात. माझ्या लेखावरून कुणी करांदे केले असते, तर घसा धरून बसला असता. दोन तज्ज्ञांनी तपासलेल्या लेखातली चूक, मामा, तुम्ही चोरून वाटलेल्या प्रतीमुळे सापडली. मी एवढी हसले की नंदा पाणी घेऊन आली.

संपादकांना सगळं खरं कळवलं. लेख दुरुस्त झाला, आणि आता त्याच्यावर दोघींची नावं आहेत. तोंडी परीक्षा ठरल्या दिवशीच आहे. अंबूबाईने फाइल पुसली आणि तुमच्या रकान्यात सही केली.

पण दोन लेखिका म्हटल्यावर हक्कांच्या करारावर तिचीही सही लागते. तिने नंदाकडून तो शब्दन् शब्द वाचून घेतला. 'सर्व हक्क' आलं तिथे थांबवलं, आणि शेजारी 'शिजवायचा सोडून' असं लिहायला लावलं. मगच सही केली. संपादकांनी ते तसंच मान्य केलं. त्याच करारावर मी सप्टेंबरात सही केली होती, न वाचता.

मामीस नमस्कार. तिने आता फोन परत द्यायला माझी हरकत नाही.

आपली,
हर्षला