गप्प बसण्याचा हक्क

१२ जुलै, शनिवार

फेडरल पोलीस! आमच्या दारात! परदेशात, या गुंगालिनमध्ये नऊ वर्षं राहतोय, दारात आजवर आले ते फक्त सोलर पॅनल विकणारे. मी दुकानात गेलो होतो. एक पोलीस माझ्या बायकोच्या, अस्मिताच्या हातात कार्ड देऊन गेला. नाव डेव्हिड. "श्रीनाथशी थोडं बोलायचंय. व्हॉलंटरी आहे. नो वरीज."

नो वरीज म्हणे!

कशाबद्दल ते मला माहीत आहे. सलिलचं पत्र. सलिल म्हणजे अस्मिताचा धाकटा भाऊ, याच देशात, क्लेटनला असतो. त्याच्या पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, मी लिहून दिलं होतं की पुण्यात त्याने माझ्या हाताखाली तीन वर्षं काम केलं. केलं होतं सात महिने, त्यातही गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्या. "भाऊजी, एवढं करा ना," म्हणाला. केलं! आता हे उघडं पडलं तर त्याचा पीआर जाणार, माझी सरकारी कामं जाणार. आणि त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत.

अस्मिता एवढंच म्हणाली, "सलिलचं नाव तुझ्या तोंडून निघालं तर बघ."

१३ जुलै

ओवी शाळेत लीगल स्टडीज शिकते. "बाबा, जस्ट शट अप. इट्स लिटरली युअर राइट." बापाला शट अप म्हणायला कायद्याचा आधार मिळालाय. खूश आहे.

१४ जुलै, सोमवार

यामिनीला फोन केला. मंडळातली ओळख, वकील आहे. "अटक नाहीये ना? मग जायलाच हवं असं नाही. गेलास तर मी शेजारी बसणार. गप्प राहायचा तुला हक्क आहे, त्यावरून कोणी तुला दोषी धरू शकत नाही. खोटं मात्र बोलायचं नाही. आणि रेकॉर्डर नसला तरी बोललेलं ते बोललेलंच!" विषय काय आहे ते तीच पोलिसांना विचारणार, पण गुरुवारपर्यंत कोर्टात अडकली आहे. "तोवर तोंड उघडू नकोस. काही फाडू नकोस. नवीन काही लिहूही नकोस."

म्हणून थोडक्यात लिहितोय.

१५ जुलै

प्रॅक्टिस. अस्मिता पोलीस झाली. "नाव?" सांगितलं. "पत्ता?" सांगितला. "भाजीत मीठ कमी आहे का?"

"हो, आणि काल पण—"

नापास!

१६ जुलै, बुधवार

उणे चार. इकडे जुलैत कडाक्याचा हिवाळा. सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो, तर समोर डेव्हिड! कार्डावरचा नंबर जुना होता, नवीन द्यायला आला होता. बिचाऱ्याचं नाक लालभडक. अस्मिता ऑफिसला गेलेली. दारात आलेल्याला चहा न देता कसं पाठवायचं? आत घेतला. शिरा होता, तोही दिला. वकील केल्याचं सांगितलं.

तो म्हणाला, "वकिलांसमोरच बोलू, मेट. यू डोन्ट हॅव टु टेल मी एनिथिंग."

आता, पाहुणा "नको नको" म्हणाला म्हणून आपण वाढायचं थांबतो का? मला वाटलं, संकोचतोय. मी आग्रह केला. तो परत नको म्हणाला. तिसऱ्यांदा तर हात आडवा धरला! मी वाढतच गेलो. पत्र, सात महिने, गणपती, दिवाळी, सगळं. शेवटी त्याने चमचा खाली ठेवला आणि वही काढली.

तेव्हा मन हलकं झालं होतं. संध्याकाळी अस्मिताची गाडी दारात वाजली आणि मी घाईने शिऱ्याची दुसरी बशी धुऊन ठेवली. तिला सांगितलं नाही.

१७ जुलै

यामिनीचा फोन. चौकशी माझी नव्हतीच! मागच्या रस्त्यावरच्या कोणाच्या तरी संशयास्पद पार्सलांची केस आहे. मी पांढरी व्हॅन पाहिली होती का, एवढंच विचारायचं होतं.

मी कसलीही व्हॅन पाहिलेली नाही.

"आणि श्रीनाथ," ती म्हणाली, "ते आता कुठल्या सलिलबद्दल बोलतायत?"

सांगितलं. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. तिला जमतं.

२४ जुलै

सलिलला इमिग्रेशनकडून पत्र आलं. फोनवर रडत होता. अस्मिताने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "त्यांना कोणी सांगितलं रे?"

मी गप्प बसलो.