कॉम्प्युटरमधला गोटीराम

३ मार्च, सोमवार
औषध कंपनीची डायरी. मॅडमनी टाकून दिली, मी उचलली. आजपासून रोज लिहायचं. कारण आता मी प्रोजेक्टमध्ये आहे.

मी या नर्सिंग स्कूलची मावशी. आधी वॉर्डात, आता लॅबमध्ये, बावीस वर्षं झाली. लॅबला एक फुकटचं सॉफ्टवेअर आलंय. कॉम्प्युटरमध्ये खोटा पेशंट. सलाईन द्या, ऑक्सिजन द्या, चुकलं की मरतो. बटण दाबलं की परत जिवंत. पोरींना शिकायला बरं. पण ते चालवायचं कसं, हे कुणी लिहूनच ठेवलं नाही. आमचा कॉम्प्युटरवाला दिनेश म्हणे, मावशी, हे ओपन सोर्स हाय, म्हणजे सगळ्यांचं. मी म्हटलं, मग बरोबरे. गल्लीतला नळ पण सगळ्यांचा. तोटी कोण बसवतं?

आता ते मराठीत लिहून पुस्तक करायचंय, परदेशातली एक संस्था त्याला पैसे देणार. आधी त्यांना प्लॅन पाठवायचा. पोरींना शिकवणाऱ्या हर्षाली मॅडम म्हणाल्या, सिंधुमावशी, तुम्ही पान वाचून पेशंट चालवलात तर कुणीही चालवेल. पुस्तकात तुमचं नाव छापू.

रेशनकार्ड सोडून माझं नाव कुठं छापलेलं नाही.

थोडक्यात, प्रोजेक्ट माझ्यावर आहे.

५ मार्च
मॅडमनी तक्ता दिला. दिनेश नमुन्याची पानं लिहिणार, आजपासून १९ पर्यंत रोज एक पान. वाचायचं, तसं करायचं, मग 'समजलं' नाहीतर 'अडलं' वर खूण. त्यावरून प्लॅनमध्ये किती महिने लिहायचे ते ठरणार.

ठराव: रोज चार ते पाच लॅबमध्ये. मधे चहा नाही.

पेशंटचं नाव गोटीराम ठेवलं, माझ्या दिरावरून. तोही नुसता पडून असतो, काय होतंय ते सांगत नाही.

पान एक. गोटीराम मेला. पानाची चूक. 'समजलं' वर खूण केली. अडलं म्हणायची आपल्याला सवय नाही. डॉक्टर राउंडला आले की 'सगळं ओके, सर'. बावीस वर्षं हेच म्हणत आले, कुणाचं काही बिघडलं नाही.

६ मार्च
मेला. दोनदा. चष्मा घरी राहिला होता.

७ मार्च
मेला. चष्मा होता. पण मधे चहा घेतला, म्हणून.

रोज रोज खुणा करायला वेळ कुणाला आहे? बाथरूमच्या दारावरचा सफाईचा तक्ता मी सोमवारीच शनिवारपर्यंत भरून टाकते. बाथरूम लख्ख असतं. तसाच हाही आज पूर्ण भरला. पंधरापैकी पंधरा समजलं. डोक्याचा ताप गेला.

११ मार्च
लॅबला गेले नाही. तक्ता भरलेला आहे, मग जायचं कशाला?

मॅडम म्हणतात पुस्तकाला तीन महिने लागतील. तीन महिन्यांत कांदा निघतो चांदवडला. मी आठ दिवसांत तोंडी सांगते, दिनेशनं टाइप करावं. वरच्या मजल्यावरच्या अक्काबाईनं जिन्यात गाठलं. म्हणे, काय गं, डॉक्टरीण झालीस का? म्हटलं, होत आले.

१७ मार्च
गडबड झाली.

मॅडमनी शनिवारी घाईत तक्त्याचा फोटो परदेशात पाठवला. आज उत्तर आलं. वाचणारीला सगळं पहिल्या झटक्यात समजतंय, तर पुस्तकाला पैसे कशाला हवेत? शुक्रवारी व्हिडिओ कॉल. या बाईंना आमच्यासमोर बसवा, मग ठरवू.

मग दिनेशनं तक्ता भिंतीवरून काढून नीट पाहिला. म्हणे, मावशी, १९ ला रंगपंचमी, लॅब बंद. ती तारीख अजून यायचीय. तुम्हाला समजलं काय? आणि पान नऊ तर मी अजून लिहिलंच नाही, तेही समजलं?

म्हटलं, अंदाज आला होता.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यानं जास्त लागलं. म्हणाल्या, मावशी, माझ्या पोरींचा पहिला हात परीक्षेत थेट खऱ्या पेशंटवर पडतो. म्हणून हे पुस्तक हवंय मला.

ठराव: शुक्रवारी गोटीराम जगलाच पाहिजे.

१९ मार्च, रंगपंचमी
सगळं गाव रहाडीत, रंगाच्या हौदात, उड्या मारतंय. मी घरात पान एक पाठ करत बसले. शेजारची ललिता मागून आली, बादली ओतली. पान गुलाबी झालं, एक अक्षर दिसेना. काही बिघडत नाही. पाठ झालं होतं.

बहुतेक.

२१ मार्च, सकाळी ९
हिरवी साडी नेसले. आत्मविश्वास भरपूर. त्यांना मराठी येत नाही, हे एक बरं.

२१ मार्च, संध्याकाळी ५
पडद्यावर चार गोरी माणसं. पाठ केलेलं सगळं आठवत होतं. 'डावीकडून रुग्ण निवडा.' निवडला. 'मॉनिटर जोडा.' हे तोंडपाठ. पण कुठं जोडा? वायर तर कुठंच नाही. मी टेबलाखाली वाकून शोधली. वर आले तोवर गोटीरामची रेघ सरळ. टूंऽऽऽ.

सगळे माझ्याकडे बघतायत. तोंडातून निघून गेलं, सगळं ओके, सर.

दिनेश भिंतीकडे वळला, खांदे हलत होते. मॅडमनी कपाळाला हात लावला. नंतर मॅडम त्यांच्याशी बराच वेळ इंग्रजीत बोलल्या. मी तोवर फरशी पुसून घेतली. तेवढं तरी येतं.

२८ मार्च
पैसे मंजूर. तीनच्या जागी सहा महिने दिले. म्हणे, पुस्तकाची गरज इतकी स्पष्ट आजवर कुणी दाखवली नव्हती.

मला माहीत होतं, माझ्यामुळेच होणार.

माझं नाव छापलंय. पुस्तकात नंतर येईल, आत्ता प्लॅनमध्ये, दुसऱ्या पानावर. इंग्रजीत आहे. दिनेशला म्हटलं, वाच. तो वाचेना. दुसऱ्यांदा दटावलं तेव्हा वाचलं:

'सिंधुबाईंना समजल्याशिवाय कोणतंही पान पूर्ण झालं असं मानू नये.'

अक्काबाईला नाव दाखवलं. वाक्य नाही सांगितलं.

दिनेशनं नवा तक्ता लावलाय. त्यात 'समजलं'चा रकानाच नाही. तारीख पण तो रोज स्वतः लिहिणार आहे.

चार वाजता बसले. चष्मा होता. चहा नव्हता.

पान एक. अडलं.