भुऱ्या बांबू ओलांडत नाही

वेसावे, अंधेरी
रविवार, ८ फेब्रुवारी १९८७

प्रिय जानकीताई,

तुला आणि चंद्रप्रकाश भावोजींना नमस्कार. आयचा गुडघा बरा आहे. टोपली घेऊन बाजारात जाते, भाव पाडून मागणाऱ्यांशी भांडतेही, म्हणजे पूर्ण बरी आहे असं समज. बाबा होडीवर आहेत.

भुऱ्या सध्या शाळेत जातो. हसू नकोस. सात बंगल्याजवळच्या मोकळ्या जागेत सहदेव सर दर रविवारी सकाळी कुत्र्यांना शिकवतात. पोलिसांच्या श्वानपथकातून ते निवृत्त झाले. पण हे चोर पकडायचं शिक्षण नाही. कुत्र्याने आडव्या काठीवरून उडी मारायची, तळ कापलेल्या पिंपातून पलीकडे जायचं, रोवलेल्या खुंट्यांमधून नागमोडी पळायचं, आणि आपण पट्टा न धरता त्याच्या बरोबरीने धावायचं. विलायतेत याच्या शर्यती होतात म्हणे. इथे चार-पाचजण येतात, सगळे बंगल्यातले. गावठी कुत्रा आपलाच.

सरांसारखा माणूस मी पाहिला नाही. आवाज चढवत नाहीत. पहिल्या दिवशी भुऱ्या पिंपापाशी थबकला, तर साठीच्या घरातला हा माणूस स्वतः रांगत आत शिरला आणि पलीकडून त्याला हाक मारली. दोनदा नीट जमलं की थांबायचं म्हणतात, कंटाळेपर्यंत करवायचं नाही. खुंट्या तर भुऱ्या दोन रविवारांत शिकला. बाकीच्यांना बिस्किटं, याला सुक्या बोंबलाचा तुकडा. बंगल्यातल्या बायका नाकाला रुमाल लावतात.

पण उडी काही मारीना. बांबू वीतभरच उंचीवर ठेवलेला. तो त्याच्यापाशी यायचा, बसायचा आणि माझ्याकडे बघायचा. तीन रविवार हेच. एक बाई म्हणाल्या, "गावठीच तो, किती शिकणार?" मला फार लागलं ते.

आता लिहायचं ते लिहिते. मागच्या रविवारी मी त्याला मारलं, ताई. पट्ट्याने, दोनदा. तो ओरडलासुद्धा नाही. पोट जमिनीला टेकवून पडून राहिला, बांबूच्या अलीकडेच.

सरांनी माझ्या हातातून पट्टा काढून घेतला. रागावतील असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या घरी बांबू कुठे आहे?"

तेव्हा लख्ख आठवलं. वलांडी. बांबूंच्या त्या मांडणीवर बोंबील वाळत घालतो, तिथे बांबूच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, हे पिल्लू असताना तूच त्याला शिकवलंस. खाली पडलेला बांबूही तो ओलांडत नाही, वळसा घालून जातो. रोज बघते मी, तरी सुचलं नाही. तो ऐकत होता, आणि ऐकत नाही म्हणून मी त्याला मारत होते.

हे सांगितल्यावर सर भुऱ्याजवळ उकिडवे बसले. कोणी शिकवलं, विचारलं. मी म्हटलं, बहिणीने.

"तिला माझा नमस्कार कळव," ते म्हणाले. "उघड्यावर मासळी आणि कुत्रा अलीकडे बसून. आमच्या पथकातही असे थोडेच होते."

मग बांबू काढून त्यांनी लाकडी फळी लावली. आधीचं शिकलेलं मोडायचं नाही म्हणाले. घरी आल्यावर आयनेही तेच बजावलं: "त्याला बांबूवरनं उड्या शिकवशील तं उद्या बोंबलांत नाचंल." आज भुऱ्याने फळी ओलांडली. एकदाच, पण पाय असे सुबक आवळून की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईंनीसुद्धा. उडी मारून तो माझ्याकडे आला, पण हातभर लांब थांबला. पूर्वी अंगावर यायचा. सर म्हणाले, त्याला वेळ लागेल, घाई तुलाच आहे.

ताई, तुझं पत्र मला तीन आठवड्यांपूर्वीच मिळालं. देवनारला तळमजल्याची खोली झाली, आता भुऱ्याला घेऊन जाते, असं लिहिलंयस. साकीनाक्याच्या चाळीत कुत्रा चालत नव्हता म्हणून तू तो माझ्याकडे ठेवलास, दिला नव्हतास, हे मला पक्कं ठाऊक आहे. आयने विचारलं, जानकीचं पत्र आलं का गं? मी नाही म्हटलं. शाळेत नाव घालायच्या आधी तूच माझ्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतलीस. चूक पुसायच्या आधी मला दाखव, म्हणायचीस. म्हणून ही दाखवते. आयलाही आज खरं सांगितलं. ती दिवसभर माझ्याशी बोललेली नाही.

मारल्यावर मागायचा हक्क उरतो का, माहीत नाही. तरी मागते. भुऱ्याला इतक्यात नेऊ नकोस. माझ्या हातचा मार खाल्ल्या-खाल्ल्या घर सुटलं, तर आपण काहीतरी वाईट केलं म्हणून हाकललं, असंच त्याला वाटेल. त्याने काही केलेलं नाही. एवढं त्याला कळू दे. मग तू म्हणशील त्या दिवशी मीच त्याला देवनारला आणून सोडीन.

तुझं उत्तर यावं आणि येऊही नये असं वाटणारी,
तुझी
शेवंती