चौकटीतली तुळस

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १३ नोव्हेंबर १९३७

प्रति,
मे. मुख्य वैद्यकीय अधिकारी साहेब,
धर्मार्थ स्मारक रुग्णालय, सोलापूर

विषय : माझे बंद केलेले क्ष-किरण उपचार पुन्हा सुरू करण्याबाबत, तसेच अंगावर उमटलेल्या तुळशीबाबत खुलासा.

संदर्भ : आपल्या क्ष-किरण विभागाचा उपचार बंद केल्याचा हुकूम.

महोदय,

मी खाली सही करणारी सौ. गोदावरी कमलाकर वैरागकर, मुलींच्या मराठी शाळेतील शिक्षिका, सादर निवेदन करते की, हा अर्ज वास्तविक माझ्या यजमानांनी लिहायचा होता. ते दिवाणी कोर्टात कारकून असून लोकांचे अर्ज वाचण्यात त्यांची निम्मी हयात गेली आहे. परंतु दुखणे कोठे झाले हे लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी टाक दौतीत बुडवला तो बाहेर काढलाच नाही. सबब मीच लिहीत आहे. कर्करोगाची गाठ माझ्या डाव्या स्तनात होती. हा शब्द येथे एकदाच लिहिला आहे. अर्ज आपल्या कारकुनांच्याही नजरेखालून जाणार असल्याने यापुढे 'सदर जागा' असे म्हणेन.

आपल्या सर्जनसाहेबांनी भाद्रपदात गाठ तेवढी काढली व सदर जागा राखली. त्यांनी आम्हां दोघांना समोर बसवून सांगितले की, पूर्वी अशा दुखण्यात सगळेच कापून काढीत. आता काही ठिकाणी गाठ काढून उरलेल्या भागावर किरण सोडतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे काही मागे राहिले असेल तर तेही नाहीसे व्हावे. मात्र किरण अर्धवट टाकून चालणार नाही, असे त्यांनी बजावले. मी शिक्षिका आहे. अर्धवट टाकलेल्या गोष्टीचे काय होते हे मला मुलींच्या भरतकामावरून ठाऊक आहे.

त्याप्रमाणे जखम भरल्यावर विभागाच्या तरुण डॉक्टरसाहेबांनी सदर जागेभोवती जांभळ्या शाईची चौकट आखली. रोज मेजावर निजायचे, चौकटीबाहेर शिशाचे पत्रे ठेवायचे, आणि यंत्र थोडा वेळ घुमू द्यायचे, असा क्रम सुरू झाला. किरण रोज त्याच जागी पडले पाहिजेत, म्हणून चौकट पुसू द्यायची नाही अशी ताकीद होती. परंतु आमच्या घरी आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नाही. साबण मी लावला नाही, पण पाणी काही शाईला ओळखत नाही. चौकट फिकट होई आणि डॉक्टरसाहेब उरल्यासुरल्या खुणांवरून ती पुन्हा गिरवीत. अखेर ते रागावले. पुन्हा पुसली तर सगळी मापे पहिल्यापासून घ्यावी लागतील, असे म्हणाले.

हे मी घरी सांगितले आणि येथूनच प्रकरण हाताबाहेर गेले. दिवाळी तोंडावर आली होती. माझ्या सासूबाई श्रीमती अंबुबाई यांच्या राज्यात नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान कोणालाच चुकत नाही. तेल, उटणे, कढत पाणी, सगळे यथासांग. त्यांनी रात्रभर विचार केला व सकाळी निकाल दिला, "अभ्यंग चुकवायचं नाही आणि डॉक्टरची खूणही पुसायची नाही. दोन्ही सांभाळायचं तर गोंदूनच घ्यावं." मला यात खोट दिसली नाही. खरे सांगायचे तर मला ही युक्ती फारच आवडली.

मैंदर्गीची मायाक्का गोंदणारीण आमच्या पेठेत येत असते. सासूबाईंच्या कपाळावरचे गोंदण तिच्याच आईच्या हातचे. तिने सुया काढल्या, काजळी कालवली आणि चौकटीच्या चारही बाजू पक्क्या केल्या. मी डोळे मिटून, दात आवळून पडले होते. काम झाल्यावर पाहते तो चौकटीच्या मधोमध मंजिऱ्यांसह एक तुळस उभी. मी विचारले, हे काय? मायाक्का म्हणाली, "रिकामी चौकट बाईच्या अंगावर सोडू न्हाई बाई, अशुभ असतंय. आन् एक रेघ लई वाकडी हुती की, ती बी सरळ केली." तिच्या धंद्याची रीतच तशी आहे. तिने केले ते प्रेमाने केले, आणि तुळस खरोखर सुरेख आली आहे.

दिवाळी उत्तम पार पडली. त्यानंतर मी मोठ्या ऐटीत विभागात हजर झाले. डॉक्टरसाहेबांनी पदर बाजूला होताच पाहिले आणि ते स्टुलावर बसले. नर्सबाई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. डॉक्टरसाहेबांचे म्हणणे दोन प्रकारचे पडले. पहिले असे की, किरण घेतलेल्या कातडीवर सुया टोचणे धोक्याचे होते. हे मला आता पटते व मी त्याबद्दल क्षमा मागते. जागा आता खपली पडून सुकली आहे. दुसरे असे की, आपली रेघ कोणती व मायाक्काची कोणती हे आता सांगता येत नाही, सबब किरण कोठे सोडावेत हेच कळत नाही. म्हणून उपचार बंद, आणि पूर्ण शस्त्रक्रिया करून सदर जागा काढून टाकावी, असा हुकूम माझ्या हाती पडला.

येथे पेठेतील परिस्थितीही आपल्या कानावर घालणे भाग आहे. मायाक्काच्या चौकटीने हे दुखणे जवळ येत नाही, असा बोभाटा झाला असून धडधाकट बायका तिला बोलावू लागल्या आहेत. शेजारच्या बसव्वाने तर आपल्या म्हशीसाठीही विचारणा केली. मी घरोघर जाऊन समजूत घालत आहे, पण ज्या बाईचे उपचारच बंद झाले तिचे कोण ऐकतो?

महोदय, मी हसतखेळत लिहीत असले तरी हा हुकूम वाचून मी रडले आहे. किरण अर्धवट राहिले तर काय होईल हे मला माहीत आहे, आणि राखलेली जागा एका रेघेपायी कापून द्यायला मी तयार नाही. शिवाय ती रेघ मुळात वाकडी का होती, हे हुकुमात कोठेही लिहिलेले नाही. ते फक्त मला आणि डॉक्टरसाहेबांना माहीत आहे. चौकट आखली त्या दिवशी ते लाजेने खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि हात तेवढा माझ्याकडे होता. ते तसे उभे राहिलेले पाहून मीही लाजेने डोळे मिटले, त्यामुळे त्यांना टोकले नाही. रेघ कोठे चालली आहे हे आम्हां दोघांपैकी कोणीच पाहत नव्हते. आमची चूक निदान मायाक्काच्या तरी लक्षात आली.

तरी विनंती की, सर्जनसाहेबांच्या टाक्यांच्या व्रणावरून मापे नव्याने घेऊन चौकट नव्या शाईने आखावी. तुळशीकडे केवळ शोभा म्हणून पाहावे. मी उरलेले सर्व दिवस आंघोळीऐवजी ओल्या पंच्याने अंग पुसून घेईन. सासूबाईंनी त्यास संमती दिली आहे. अशी संमती त्यांनी उभ्या जन्मात कोणास दिलेली नाही.

सोमवारी सकाळी विभाग उघडताच मी मेजावर येऊन निजेन. डॉक्टरसाहेबांना आपण एवढेच सांगावे की, या वेळी त्यांनी माझ्याकडे बघून रेघ मारावी. मीही डोळे उघडे ठेवीन. लाज आम्ही दोघांनी बाहेरच्या बाकावर ठेवावी, कारण मला अजून पुष्कळ जगायचे आहे.

एक गोंदण वगळता
आपली आज्ञाधारक,
सौ. गोदावरी कमलाकर वैरागकर

सोबत : कागद जोडलेले नाहीत. पुरावा घेऊन अर्जदार स्वतः हजर होत आहे.