भोंग्यांचा आवाज दबलाय

४ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी माझ्या डोक्याचा पार भुगा केलाय. सिनेमाचं थिएटर बंद झालं तेव्हा तिथले पडद्यामागचे दोन जुने भोंगे त्यांनी घरी आणले, ते तुला ठाऊक आहेच. जोडीचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जळाला, सुटे भाग मिळेनात, म्हणून मी ट्रान्झिस्टरचा बांधून दिला. तिथून माझी साडेसाती सुरू झाली. रोज दुकान बंद केलं की घरी न जाता मी त्यांच्या खोलीत, जमिनीवर उताणा, स्क्रू ड्रायव्हर दातांत.

हे भोंगे इतके हळवे, की अँप्लिफायर नुसता चालू केला तरी त्यातला सूंऽऽ ऐकू येतो. तो घालवायला मध्ये रेझिस्टर टाकले, तर बाबा म्हणाले आवाज दबला. काढले, तर सूं परत. बाबा म्हणतात सूं वगैरे काही नाही, आवाज मात्र दबलेलाच आहे. चार महिने झाले, हा तिसरा अँप्लिफायर. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. अठ्ठावीस वर्षं मशीनवर काढलेल्या ऑपरेटरशी मी रेडिओवाला काय वाद घालणार?

लोभ वाढव, सल्ले कमी पाठव.
तुझा धाकटा

१२ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सल्ला देतेच. गेल्या महिन्यात बाबा दोन दिवस माझ्याकडे होते. टेलिफोन त्यांच्या कोपराशी वाजत होता आणि हे आपले पेपर वाचतायत. दारावरच्या बेलचीही तीच गत. अरे शहाण्या, काखेत कळसा नि गावाला वळसा! अँप्लिफायर राहू दे, त्यांचे कान तपासून घे. फक्त गोडीनं बोल.

माया आहेच, ती गृहीत धर.
तुझी ताई

२० जून
ती. ताईस,
सा. न.

बोललो, गोडीनंच. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर भडकले. म्हणाले, माझ्या कानावर अख्खं थिएटर चालायचं; तुला नाचता येईना म्हणून अंगण वाकडं? मग मीही तोंड सोडलं. आता तिकडे फिरकणार नाही, असं सांगून आलोय. संध्याकाळी दुकानातच बसून राहतो. राग जात नाही, आणि कामातही लक्ष लागत नाही.

रागावू नकोस, तेवढी कृपा असू दे.
धाकटा

२९ जून
चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा भाऊ बारा दिवस आला नाही. चूक माझी आहे, पण त्याला तसं कळवू नकोस.

तो सूं सूं म्हणून डोकं धरून बसायचा, तेव्हा एकदा तो गेल्यावर मी भोंग्यात डोकं घालून पाहिलं. काही ऐकू आलं नाही. कान गेले हे मला तेव्हाच कळलं. पण आवाज छान आहे म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तो कशाला आला असता? पूर्वी महिन्यातून एकदा औषधं द्यायला यायचा, तेही दारातूनच.

तू त्याला एवढंच लिही, की अँप्लिफायर बंद पडलाय. तुला खोटं बोलायला लागू नये म्हणून मी आत्ताच त्याची एक तार तोडली आहे.

तुम्हा दोघांचा लोभ हवाच आहे.
बाबा